मंडईचा जुना वाद आणि वैद्यकाचे शिक्षण

पुण्याची मंडई 1886 साली बांधून झाली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. यातील विरोधाभास विसरण्याजोगा नाही. 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनी या खर्चिक वास्तूला विरोध केला होता; तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. मंडई उपयोगी ठरली, हे निर्विवाद. परंतु सार्वजनिक पैसा वास्तूवर किती आणि माणसे घडविण्यावर किती खर्चावा, हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही.

त्याच नगरपालिकेची वारस असलेल्या महापालिकेने 2022 साली 100 जागांचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. कमला नेहरू रुग्णालय त्याला जोडलेले आहे. ही गोष्ट शहराला भूषणावहच आहे. मात्र जुना प्रश्न त्यामुळे नव्या रूपाने पुढे येतो.

वैद्यकीय पदवीच्या 2019 सालच्या नव्या अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरविली. इंजेक्शन देणे, बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छातीवर दाब देणे, या गोष्टी विद्यार्थ्याने आधी पुतळ्यावर शिकाव्यात आणि मगच रुग्णाला हात लावावा, हा त्यामागील हेतू आहे. सार्वजनिक रुग्णालयातील रुग्ण बहुधा गरीब असतो. शिकाऊ हाताची पहिली चूक त्याच्याच वाट्याला येते. म्हणून हा पुतळा चैनीची वस्तू नव्हे. पण तो दुरुस्त कोणी ठेवायचा, शिक्षकांना त्याचा उपयोग कोणी शिकवायचा, विद्यार्थ्याच्या प्रगतीची नोंद कोणी ठेवायची? ही कामे करणारी कायमस्वरूपी कचेरी नसेल, तर नव्याचे नऊ दिवस सरताच लाखोंची सामग्री कुलपात जाते.

संशोधनाचीही तीच कथा. त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. 1878 मध्ये शाळा म्हणून निघालेल्या आणि 1946 मध्ये महाविद्यालय झालेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने संशोधन केंद्र उभे राहिले. स्तनपानातून बालकास होणारा एचआयव्हीचा संसर्ग सहा आठवडे नेविरापिन दिल्याने टळतो काय, याचा अभ्यास पुण्यासह इथिओपिया आणि युगांडा येथे झाला. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सहाव्या आठवड्यात संसर्ग स्पष्टपणे कमी दिसला. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र संसर्गातील तो फरक निर्णायक राहिला नाही. हे दुसरे सत्य हाती आले, ते बालकांचा महिनोन्‌महिने पाठपुरावा झाला म्हणून. रक्ताचे नमुने जपणारे, नोंदी तपासणारे, संख्याशास्त्र जाणणारे लोक पाठीशी नसते, तर अर्धे सत्यच पूर्ण म्हणून मिरवले असते.

पैसा कोठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. संगणक तर आता प्रत्येक प्राध्यापकाजवळ आहे, असेही म्हटले जाईल. पण सकाळी बाह्यरुग्ण विभाग आणि दुपारी वर्ग सांभाळणाऱ्या प्राध्यापकाने रात्री यंत्रांची दुरुस्ती आणि आकडेमोड करावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. परदेशी निधीवर सदैव विसंबणेही शहाणपणाचे नव्हे. प्रकल्प संपला की त्यावर नेमलेली माणसे पांगतात. दोन-चार तंत्रज्ञ, एक संख्याशास्त्रज्ञ, अध्यापनाची साधने तयार करणारा एखादा जाणकार, एवढ्यांची मंजूर पदे आणि देखभालीसाठी दरसाल ठरावीक तरतूद, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

गाळे बांधले म्हणून मंडई भरत नाही. माल उतरविणारा हमाल आणि तोलणारा तोलणार असतो, तेव्हाच ती चालते. वैद्यकीय महाविद्यालयाचेही तसेच आहे. यंत्रांच्या खरेदीला मंजुरी देतानाच ती चालविणाऱ्या माणसांच्या पदांनाही मंजुरी देणे, हे महापालिकेला अशक्य नाही. ज्यांचे नाव मंडईला दिले, त्यांचा आग्रह निदान आता तरी मानावा.