गोठलेल्या भूमीवरचे बिऱ्हाड

थंडी हा शब्द जो तो आपापल्या अनुभवाच्या मापाने वापरतो. ग्वाल्हेरकडे पौष-माघात पारा तीन-चार अंशांवर उतरला की शाळांच्या वेळा पुढे ढकलल्या जातात, घरोघरी शेगड्या पेटतात आणि वडीलधारी मंडळी दुलईतून बाहेर यायला तयार नसतात. बडोदे-हैदराबादकडच्या वाचकांना तर तेवढीही थंडी पुष्कळ वाटेल. पण या पृथ्वीच्या पाठीवर साडेतीन लाखांहून अधिक वस्तीचे एक नगर असे आहे, की जेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते, आणि तरीही तेथे शाळा भरतात, बाजार मांडले जातात, लग्ने लागतात आणि नाटकांचे पडदे वर जातात. पूर्व सायबेरियातील लेना नदीच्या काठचे याकुत्स्क ते हे नगर. १८९१ साली तेथे शून्याखाली ६४ अंशांची नोंद झाली होती. नवल असे, की याच गावी जुलैत पारा कधी कधी पस्तिशीच्याही वर चढतो. एकाच घराला, एकाच माणसाला एका वर्षात तापमानाचा एवढा मोठा फरक सोसावा लागतो.

असे ऋतुमान तेथे का, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला सहज उमगेल. हे गाव ६२ अक्षांशांवर, समुद्राच्या उबेपासून शेकडो कोस दूर, खंडाच्या पोटात आहे. हिवाळ्यात त्या प्रदेशावर हवेच्या जड दाबाचे एक झाकणच बसते. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही आणि दिवस जेमतेम पाच तासांचा. जमिनीची उरलीसुरली उष्णता आकाशात निघून जाते आणि थंड हवा नदीच्या खोऱ्यात साचून राहते. उन्हाळ्यात याच्या उलट वीस-वीस तास सूर्य मावळत नाही.

परंतु आम्हांस या नगराविषयी लिहावेसे वाटले ते केवळ थंडीच्या आकड्यांमुळे नव्हे. पाया पक्का तर घर पक्के, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपला गवंडी मुरूम वा खडक लागेपर्यंत खणतो आणि मग निश्चिंतपणे जोते बांधतो. याकुत्स्कमध्ये मुरमाचे काम बर्फ करतो. तेथील माती शेकडो हात खोलपर्यंत वर्षानुवर्षे गोठलेली आहे. शास्त्रज्ञ तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण चिरगोठित भूमी म्हणू. उन्हाळ्यात वरचा दीड-दोन मीटरांचा थर तेवढा वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा दगडासारखा होतो. गोठलेली असेतो ही माती भक्कम कातळासारखी वजन पेलते. वितळली की तिचा चिखल होतो. म्हणजे या नगरीत घराला आधार थंडीचा आहे आणि धोका आहे तो घराच्याच उबेचा!

ही भूमी किती खोल गोठलेली आहे याचा पहिला पत्ता लागला तो एका विहिरीमुळे. रशियन-अमेरिकन कंपनीचा फ्योदोर शेर्गिन नावाचा एक कारभारी याकुत्स्कमध्ये होता. पाणी लागेल या आशेने १८२८ साली त्याने विहीर खणावयास घेतली. दहा मीटर झाले, वीस झाले, पन्नास झाले. गोठलेल्या मातीखेरीज काही लागेना. १८३७ पर्यंत काम चालले आणि ११६ मीटरांवर ते थांबले. पाण्याचा थेंब मिळाला नाही. परंतु विज्ञानाला मात्र ती विहीर लाभली. १८४४ साली मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्यात निरनिराळ्या खोलीवर तापमान मोजले, तेव्हा तळापर्यंत ते शून्याखालीच असल्याचे दिसून आले. पुढे याच गावी १९६० मध्ये चिरगोठित भूमीच्या अभ्यासासाठी एक संस्था उभी राहिली, आणि आज ती पाव्हेल मेल्निकोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते.

गावाची स्थापना १६३२ मधली. प्योत्र बेकेतोव्ह या कोसॅक सरदाराने लेनेच्या उजव्या तीरावर लाकडी गढी उभारली आणि सुमारे दहा वर्षांनी ती डाव्या तीरावर हलविण्यात आली. पण त्याच्याही आधीपासून या खोऱ्यात साखा लोक नांदत होते. रशियनांनी त्यांनाच याकूत म्हटले. त्यांची भाषा तुर्की कुळातली. त्यांचे पूर्वज दक्षिणेकडून, बायकाल सरोवराच्या बाजूने, आपली घोडी आणि गाई घेऊन उत्तरेस आले. नव्या मुलखात त्यांनी आपली भाषा सोडली नाही आणि गुरेही सोडली नाहीत. बदलले ते घर. मायभूमीपासून दूर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी.

त्यांचे हिवाळी घर म्हणजे बलगान. आतल्या बाजूस किंचित कललेले, उभ्या ओंडक्यांचे कूड. त्यांवर माती आणि गाईच्या शेणाचा जाड गिलावा. होय, शेणाचाच! आपल्याकडची आजी ज्या शेणाने अंगण सारवते, त्याच शेणाने तिकडची गृहिणी शरद ऋतूत भिंतींच्या फटी बुजवीत असे. घराला लागूनच गोठा. गुरांची ऊब माणसांना आणि माणसांची गुरांना. खिडकीला काच कोठून आणणार? तळ्यातील स्वच्छ बर्फाची लादी कापून ती चौकटीत बसवीत. लादीतून उजेड येई आणि वारा येत नसे. आत मातीने लिंपलेली मोठी चूल अहोरात्र धगधगत असे. अशा घरांतून लांबलचक रात्री ‘ओलोंखो’ या वीरगाथा गाइल्या जात. एकच गायक सारी पात्रे वठवी आणि गाथा अनेक रात्री चाले. २००५ साली युनेस्कोने या परंपरेचा जागतिक गौरव केला.

बलगान हलके होते आणि त्याची जमीन मातीची होती. पुढे रशियन पद्धतीची ओंडक्यांची घरे आली, मग दुमजली इमारती आल्या, आणि गवंड्यांच्या ध्यानात आले, की घर जितके उबदार, तितके ते लवकर खचते. चुलीची उष्णता फरशीतून खाली झिरपे, खालचे बर्फ वितळे, घराचा एक कोपरा बसे आणि ओळंबा चुकत जाई. जुन्या वस्तीत आजही खिडक्या जमिनीला टेकलेली, एका अंगावर रेललेली लाकडी घरे दिसतात.

यावर निघालेला तोडगा साधा, पण बुद्धीचा आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे इमारती काँक्रीटच्या खांबांवर उभ्या राहू लागल्या. यंत्राने आठ-दहा मीटर किंवा त्याहूनही खोल भोक पाडतात, त्यात खांब उतरवतात, सभोवार ओल्या वाळू-मातीचा रबडा ओततात आणि थांबतात. काही काळात तो रबडा गोठतो आणि खांबाला चहूबाजूंनी घट्ट धरतो. सिमेंटने जे करायचे ते तेथे बर्फ करतो. मग या खांबांच्या डोक्यावर, जमिनीपासून साधारण पुरुषभर उंचीवर, पहिल्या मजल्याची फरशी येते. मधली जागा मोकळी सोडलेली असते. हिवाळ्याचे बोचरे वारे त्या पोकळीतून खेळतात, घराची ऊब जमिनीपर्यंत पोहोचू देत नाहीत आणि भूमीला अधिकच गोठवून ठेवतात. तेथे बर्फाचा थरही साचत नाही, हा आणखी एक लाभ. कारण भुसभुशीत हिम हे दुलईसारखे असते आणि त्याखाली जमीन उबदार राहते.

जेथे एवढ्याने भागत नाही तेथे जमिनीत बंद नळ्या पुरतात. नळीतील द्रव खालच्या भागात जमिनीच्या उष्णतेने बाष्परूप होतो, वर चढतो, बाहेरच्या थंडीत पुन्हा द्रव होऊन खाली येतो आणि असे करता करता जमिनीची उष्णता उपसून बाहेर टाकतो. ना वीज लागते, ना यंत्र. उन्हाळ्यात वरची बाजू तापली की हे चक्र आपोआप थांबते.

नळ-गटारेही जमिनीखालून नेण्याची सोय नाही. उष्ण पाण्याचे, गॅसचे, मैल्याचे मोठमोठे नळ जाड आवरणे लेऊन रस्त्यांच्या कडेने जमिनीवरून धावतात, आणि रस्ता आडवा आला की कमानीसारखे वर उचलले जाऊन पलीकडे उतरतात. मध्यवर्ती केंद्रातून येणाऱ्या उष्णतेवर सारे नगर जगते. बाहेर शून्याखाली ४५ आणि आत अधिक २२. मध्ये फक्त एक भिंत, तीन पदरी तावदाने आणि एकापाठोपाठ एक दोन-तीन दारे. पहिले दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हे तेथले मूलही जाणते.

बाहेर पडण्यापूर्वी केसाळ टोपी, हातमोजे आणि रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे बूट हवेतच. थंडी फार वाढली की श्वास, मोटारींचा धूर आणि धुराड्यांची वाफ यांचे बारीक कण गोठून दाट धुके पडते, आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. तीव्र थंडीत उच्छ्वास गोठताना मंद सळसळ ऐकू येते. तिला तिकडे ‘ताऱ्यांची कुजबुज’ म्हणतात. मोटारगाडी उबदार गॅरेजात नसेल तर तिच्यावर जाड गोधडी पांघरतात, किंवा इंजिन तासन् तास चालूच ठेवतात. बाजारात मासे टोपलीत उभे रचलेले असतात, लाकडाच्या ढलप्यांसारखे ताठ. शीतपेटीची गरज नाही. तोच गोठलेला मासा चाकूने पातळ तासून कच्चा खातात. त्याला स्त्रोगानिना म्हणतात. खेड्यांतून शरदाच्या अखेरीस तळ्यातील बर्फाच्या लाद्या कापून अंगणात रचून ठेवतात, आणि हिवाळाभर पिण्याचे पाणी म्हणजे त्या लाद्या वितळवणे. आम्ही शाळामास्तर, म्हणून आणखी एक नोंद करतो. पारा शून्याखाली ४५ च्या आसपास गेला की लहान वर्गांना सुट्टी मिळते, आणि थंडी वाढेल तसतशी वरच्या वर्गांना. तोपर्यंत मुले निमूटपणे शाळेची वाट चालतात.

हे नगर ज्या साखा प्रजासत्ताकाची राजधानी आहे, त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या भारताएवढे, आणि लोकसंख्या सुमारे दहा लाख. हिऱ्यांच्या आणि सोन्याच्या खाणी, कोळसा, गॅस ही तेथली संपत्ती. प्रवासी रेल्वे लेनेच्या पलीकडच्या तीरापर्यंत २०१९ मध्ये पोहोचली. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्या बर्फावरून अवजड मालमोटारी जातात, उन्हाळ्यात तरी चालतात, आणि मधल्या काही आठवड्यांत, बर्फ फुटत वा धरत असताना, दोन्ही वाटा बंद होतात. आता पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे.

मात्र या साऱ्या शहाणपणापुढे एक नवे संकट उभे आहे. गेल्या काही दशकांत या गावाचे वार्षिक सरासरी तापमान दोन अंशांहून अधिक वाढले आहे. जेथे हिवाळा शून्याखाली चाळिसांचा, तेथे दोन अंशांनी काय बिघडणार, असे आपणांस वाटेल. परंतु शून्याच्या थोडे खाली असलेल्या गोठलेल्या मातीची पकड अंशाअंशाने सैल होत असते. उन्हाळ्यात वितळणारा थर खोल होऊ लागला की खांबाला धरणारा हात तेवढा आखूड होतो. भिंतींना तडे गेलेल्या आणि म्हणून रिकाम्या केलेल्या इमारती याकुत्स्कमध्ये आहेत. चुरापचा या गावी एकेकाळी सपाट असलेल्या विमानतळाच्या जमिनीवर आज उंचवटे आणि खड्डे यांची रांग उमटली आहे, कारण खालच्या बर्फाच्या भिंती वितळून मधली माती तेवढी उभी राहिली. २०१८ साली साखा प्रजासत्ताकाने चिरगोठित भूमीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. नदी, वन, पशू यांच्या रक्षणाचे कायदे आपण ऐकले आहेत. जमिनीतील थंडीच्या रक्षणाचा कायदा हा आम्हांस तरी नवीनच.

तरीही सारा दोष हवेच्या माथी मारून चालत नाही, हे तेथील अभियंते आवर्जून सांगतात. एखाद्या इमारतीखालचा नळ गळू लागला, उष्ण पाणी महिनोन् महिने झिरपत राहिले, किंवा कोणी पोकळीच्या तोंडाशी कचरा रचून वारा अडवला, तर ऋतू न बदलताही घर बसते. एका बिऱ्हाडाच्या हयगयीने साऱ्या चाळीचा पाया जातो. म्हणून त्या नगरीत शेजारधर्म म्हणजे केवळ साखर उसनी देणे नव्हे. आपल्या घराची ऊब आपल्याच घरात राखणे आणि पायाखालची थंडी सर्वांसाठी जपणे, हाही शेजारधर्मच. उद्या हवा आणखी तापली तर किती खांब तग धरतील, याचे उत्तर काही अंशी त्या नगरीच्या हातांत आहे आणि बरेचसे तिच्याबाहेर, धूर ओकणाऱ्या आपल्या साऱ्यांच्या गावांत आणि शहरांत आहे.