घरातला समुद्र आणि बोटावरची गाठ

दिवाणखान्यात माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आता आपल्या जळगाव जामोदसारख्या गावातही दिसते. गोड्या पाण्यातले गोल्डफिश पाळून झाले की काहींना समुद्राच्या पाण्याची टाकी खुणावू लागते. खडकांतून फिरणारे केशरी-पांढरे मासे कोणाला आवडणार नाहीत? हौसेला मोल नाही हे खरे, पण तिला थोडी माहितीची जोड हवी.

'आपला खारपाणपट्टा, बोअरचे पाणी आधीच खारट, तेच ओतू' असे कोणी म्हणेल. तसे चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात, दुसरी सोय नसल्यास, भारतीय मानकानुसार लिटरला जास्तीत जास्त २ ग्रॅम चालतात. म्हणजे जे पाणी आपल्या तोंडात धरवत नाही, तेही समुद्री माशाला फिकेच. शिवाय क्षार कोणते, यालाही महत्त्व आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी खारे, तरी त्यात पूर्वापार मासे नव्हते. म्हणून आर.ओ.च्या पाण्यात विकतचे समुद्री मीठ मोजूनच मिसळावे. स्वयंपाकाचे मीठ उपयोगाचे नाही.

आपल्या शरीरातली घाण मूत्रपिंडे काढतात. टाकीत ते काम जीवाणू करतात. माशांनी टाकलेल्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडण्याची घाई नको. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास हवे. आपल्या मे महिन्यात, त्यात वीज गेली तर, हे किती कठीण ते सांगायला नको.

जिवंत प्रवाळ मात्र आणूच नका. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ पाहायचे तर मालवणच्या समुद्रात पाहावेत. घरी कृत्रिम प्रवाळ शोभतात.

आता माझ्या विषयाकडे येतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत राहतो. बोटावर खरचटलेले असताना हात टाकीत घातला की तो आत शिरतो. बहुधा दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तांबूस गाठ येते. ती फारशी दुखत नाही, म्हणून चामखीळ समजून दुर्लक्ष होते. पुढे मनगटाकडे ओळीने गाठी येऊ शकतात. हा जंतू ३० अंशांच्या आसपास वाढतो, म्हणून नेहमीच्या ३७ अंशांवरच्या तपासणीत तो निसटतो. माशांच्या टाकीचा उल्लेख झाला, तरच डॉक्टर योग्य तपासणी सांगतील. औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात, पण गाठ बरी होते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, तेव्हा घरच्यांनी घाबरू नये. दुर्लक्ष केले, तर मात्र सांधे व स्नायुबंध यांपर्यंत तो पोचू शकतो.

यासाठी एवढे पाळा :

• हाताला जखम असेल तर टाकीला हात लावू नका. एरवीही लांब रबरी हातमोजे घाला.

• नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका.

• काम झाल्यावर साबणाने हात धुवा. टाकीचे सामान स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका.

• हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. घरात ई.एल.सी.बी. बसवून घ्या.

• विषारी काट्याचा मासा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास ते दीड तास बुडवा आणि दवाखाना गाठा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल.

लहान मुलांना टाकी दुरूनच पाहू द्या. आणि बोटावरची गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर दवाखान्यात गेल्यावर न विचारता सांगा : 'डॉक्टर, माझ्या घरी माशांची टाकी आहे.' एवढ्या एका वाक्याने निदानाचे कित्येक महिने वाचू शकतात.