खाली बसवलेली गाडी

सकाळी आठ. पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग मिलांची रात्रपाळी सुटलेली, रस्त्यावर सायकली आणि रिक्षांची गर्दी. शटर वर करतो तोवर गिऱ्हाईक हजर. अमळनेरकडचा पोरगा, वाढला इथेच. "दादा, आज व्हई जाई ना?" म्हटलं, व्हई जाई, पण घाई करायची नाही.

गाडी स्विफ्ट. कंपनीचा क्लिअरन्स 163 मिलिमीटर. याने स्प्रिंगा बदलून चाळीसेक मिलिमीटर उतरवली. नियमातला गतिरोधकच 100 मिलिमीटर उंच असतो, आणि नियमात बसणारे गतिरोधक आपल्याकडे किती, ते सांगायला नको.

जॅक लावायच्या आधी वाकून बघतो. लोअर आर्म आतून बाहेर किंचित खाली उतरता हवा. इथे बाहेरचं टोक वर गेलंय. म्हणून गाडी खाली असूनही वळणावर जास्त कलते. पोरांना हे पटत नाही. त्यांच्या मते खाली म्हणजे घट्ट.

नऊ वाजता गाडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरणारा पोऱ्या मी ठेवत नाही. आज लांब पिनचा बॉल जॉइंट असलेले नवे आर्म बसवायचेत. पिन लांब, म्हणजे आर्मचं बाहेरचं टोक पुन्हा खाली येतं. पण टायरॉड जुन्याच उंचीवर राहिला तर दोघांचे कोन जुळत नाहीत, आणि खड्ड्यात चाक गेलं की ते आपसूक वळतं. म्हणून टायरॉड एंडही लांब पिनचेच. जोडी घ्या, नाहीतर घेऊ नका.

साडेदहा. टायरॉड एंडची स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, नकलच्या कानावर बाजूने दोन दणके दिले. पिनवर ठोकलं की आटे गेलेच. नवा एंड जुन्याइतकेच आटे मोजून चढवला. नट आवळल्यावर भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे सैल करायचा नाही. मग चाक लावून पूर्ण फिरवलं; पिन रिमला घासत नाही.

एक वाजता डबा. भाकरी, ठेचा, भरीत.

दोन वाजता खरं काम. आर्मचे बुशवाले बोल्ट आतापर्यंत नुसते हाताने लावलेत. गाडी चाकांवर उतरवली, पुढेमागे ढकलून बसू दिली आणि मगच टॉर्क पाना लावला. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर जमिनीवर उतरताच बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकरच फाटतं. बहुतेक गॅरेजांत हेच चुकतं, आणि दोष पार्टला लागतो.

चारला अलाइनमेंट. टो, कँबर, स्टेअरिंग मधोमध.

सहाला चक्कर मारून आलो. आवाज नाही. निघताना पोराने विचारलं, "आरटीओनं काय?" सांगितलं ते असं: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्प्रिंगा उतरवायच्या आधी हे विचारायचं होतं.

आणि स्प्रिंग कापून गाडी खाली घ्यायची असेल, तर माझ्याकडे येऊ नका.