वसंतांतले सात दिवस : आधीं तिथि, मग गांव

(नभोवाणीवरील भाषण)



फाल्गुन लागला कीं शहरांतल्या आप्तेष्टांची विचारणा सुरू होते : "यंदां आठवडाभर रजा मिळत आहे, कोठें जावें?" कोणाच्या मनांत युरोपांतलीं शहरें असतात, कोणाच्या मनांत हिमालय असतो. परंतु खर्च, रजा, घरांतलीं वडील माणसें आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ घालतां घालतां बऱ्याच कुटुंबांचें मन अखेर आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर स्थिरावतें. मग पुढचा प्रश्न येतो : अलिबाग, मुरूड, कीं श्रीवर्धन? याच किनाऱ्यावरच्या शाळांतून मी उभी हयात मास्तरकी केली. तेव्हां हा प्रश्न माझ्याकडे येणें स्वाभाविकच आहे. माझें उत्तर मात्र ऐकणाऱ्याला प्रथम चमत्कारिक वाटतें. मी म्हणतों, "गांव मागाहून ठरवूं, आधीं पंचांग काढा."

यांत शुभाशुभाचा कांहींएक संबंध नाहीं. संबंध आहे तो भरती-ओहोटीचा. देऊळ किंवा राजवाडा सकाळीं जेथें असतो तेथेंच सायंकाळीं असतो. किनाऱ्याचें तसें नाहीं. सकाळीं जेथून आपण कोरड्या पायांनीं चालत गेलों, तेथें दुपारीं पुरुषभर पाणी असूं शकतें. म्हणून किनाऱ्यावरची सहल ठरवितांना "कोठें" या प्रश्नाच्या आधीं "केव्हां" हा प्रश्न सोडवावा लागतो.

तो सोडविणें मुळींच अवघड नाहीं. चंद्राच्या आकर्षणामुळें आपल्या किनाऱ्यावर सुमारें २४ तास ५० मिनिटांत दोनदां भरती व दोनदां ओहोटी होते. अर्थात् भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरकते. आमचे कोळी व खलाशी लोक यावरून एक सुटसुटीत हिशेब करतात : तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ येते. शुद्ध किंवा वद्य चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां भरती. अष्टमीला सहा वाजतां. पौर्णिमेला व अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीच्या आधीं व नंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे, त्यांत अर्धा-पाऊण तासाची चूक पडते. म्हणून निघण्यापूर्वीं स्थानिक कोळ्याला विचारावें हें उत्तम.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. पौर्णिमा व अमावास्या या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे जोर एका रेषेंत येतात. तेव्हां पाणी फार चढतें आणि फार उतरतें. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तें चढतेंहि थोडें आणि उतरतेंहि थोडें. यास आमच्याकडे भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटींतील पाण्याचा फरक चार मीटरांहून अधिक होतो. भांगाच्या दिवसांत तो निम्म्यावर येतो. म्हणून अष्टमीला अलिबागेस येऊन, ओहोटी होऊनहि कुलाबा किल्ल्याची वाट मोकळी कां होत नाहीं, असें विचारणारे पाहुणे मीं पुष्कळ पाहिले आहेत.

हा हिशेब ठाऊक असून मीं स्वतः एकदां केलेली चूक आज सांगणें मला कर्तव्य वाटतें. सहावीच्या बावीस मुलांना घेऊन मी तृतीयेच्या दिवशीं कुलाबा किल्ल्यांत गेलों होतों. ओहोटी साडेआठाची, आम्ही वेळेवर आंत गेलों. पण शिवाजीमहाराजांनीं १६८० मध्यें या किल्ल्याची उभारणी आरंभिली येथपासून कान्होजी आंग्र्यांच्या आरमारापर्यंत सांगतां सांगतां मी रंगलों, आणि साडेदहा वाजून गेले. बाहेर येऊन पाहतों तों वाटेवर पाणी आलेलें. त्या वेळीं किल्ल्यांतच थांबणें हाच शहाणपणा होता. परंतु मुलांचे आईबाप वाट पाहत असतील, जेवणाचे डबे पलीकडे राहिले आहेत, अशा क्षुल्लक विचारांनीं मीं मुलांना हातांत हात धरावयास लावून पाण्यांत घातलें. मध्यावर पाणी मोठ्या मुलांच्या छातीपर्यंत आलें. सर्वांत लहान मुलगा माझ्या खांद्यावर होता. त्याचीं बोटें माझ्या केसांत रुतलेलीं मला अजून जाणवतात. किनाऱ्यावरून दोघे कोळी धांवत आले, म्हणून सर्व मुलें सुखरूप पोंचलीं. मुलांना त्या दिवसाची गंमत वाटली. मला पुढें कित्येक रात्रीं झोंप लागली नाहीं.

माझें नशीब बलवत्तर होतें इतकेंच. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यु पावले. ती बातमी ऐकली तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें माझींच बावीस मुलें उभीं राहिलीं. उतरत्या पाण्यांत उथळपणा दिसतो, पण त्याची ओढ आंत असते. अशा पाण्यांत मुलांना कधींहि सोडूं नये.

हें अज्ञान आपलेंच आहे असें नाहीं. ख्रिस्तपूर्व ५५ मध्यें रोमन सेनापति सीझर इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां पौर्णिमेच्या रात्रीं आलेल्या भरतीनें त्याच्या गलबतांची दाणादाण उडाली. कारण भूमध्य समुद्रांत भरती अगदीं नांवापुरती असते. उलट, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर माँ-साँ-मिशेल या मठाच्या बेटाकडे वाळूंतून पायीं जाणारा यात्रेकरू आजहि भरतीची वेळ पाहिल्यावांचून पाऊल टाकीत नाहीं. त्याची ही संवय आपण घेण्याजोगी आहे.

आतां आठवडा निवडूं. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून आरंभ करावा. द्वितीयेला ओहोटी सकाळीं साडेसातास, चतुर्थीला नऊस, अष्टमीला भर दुपारीं. म्हणजे पहिले तीन दिवस सकाळच्या गार वेळीं वाळूंतून चालावें, पायवाटेचे किल्ले पाहावे. पुढचे दिवस वाड्या, देवळें, लेणीं यांना द्यावे. सात दिवसांत समुद्राचा अर्धा फेरा आपल्या डोळ्यांसमोर पुरा होतो. फाल्गुनी पौर्णिमेला शिमगा असतो. पालख्या पाहावयाच्या असतील तर जरूर यावें, पण त्या दिवसांत चाकरमान्यांनीं घरें भरलेलीं असतात. माझ्या मतें पाडव्यानंतरचा आठवडा सर्वांत चांगला. परीक्षांमुळें तो न साधल्यास चैत्री पौर्णिमेनंतरचा घ्यावा. वैशाख हाहि पंचांगाप्रमाणें वसंतच. परंतु आमच्याकडचा घाम ऋतूचें नांव विचारीत नाहीं.

तिथि ठरली, आतां गांव. तें घरांतल्या सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवावें. वडीलधारीं माणसें व लहान मुलें बरोबर असतील तर अलिबाग ते रेवदंडा हा अष्टागराचा पट्टा बरा. मुंबईहून गेटवेवरून बोटीनें मांडव्यास येतां येतें; २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन येणारी मोठी बोटहि आहे. नारळी-पोफळींच्या वाड्यांत उतरावें, दारावर टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा पाहाव्या. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याहून हलविलेली व १९०४ पासून येथें चालू असलेली चुंबकीय वेधशाळा अलिबागेसच आहे. आणि ज्यांची युरोपाची हौस राहून गेली असेल त्यांनीं रेवदंड्याची तटबंदी व खाडीपलीकडचें कोर्लई पाहावें. सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांचें तेथें ठाणें होतें. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजोद्भव बोली आजहि घरोघर बोलली जाते. तिला ते लोक "नो लिंग", म्हणजे "आमची भाषा", म्हणतात.

इतिहासाची गोडी असलेल्या तरुण मंडळींनीं मुरूड निवडावें. जंजिऱ्याला पायवाट नाहीं. राजपुरीहून शिडाच्या होडीनें जावें लागतें. मराठ्यांना जो अखेरपर्यंत घेतां आला नाहीं, तो सिद्दींचा हा जलदुर्ग १९४८ मध्यें संस्थानाबरोबर भारतांत विलीन झाला. दुपारीं वारा वाढतो, म्हणून सकाळींच जावें. आणि हलत्या होडींतून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाऊल टाकावें लागतें, हें गुडघे दुखणाऱ्यांना आधींच सांगावें. उतरत्या आठवड्यांत फणसाडचें अभयारण्य आणि कुड्याचीं बौद्ध लेणीं आहेत.

ज्यांना निवांतपणा हवा त्यांनीं श्रीवर्धन-हरिहरेश्वर निवडावें. कोंकण रेल्वेनें माणगांवास उतरून पुढें एस.टी.नें जातां येतें. मुरूडकडून येणाऱ्यांना आगरदांड्याहून दिघीस तर आहे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें हें गांव रोठा सुपारीबद्दल प्रसिद्ध. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकांवरून होते व ती फक्त ओहोटीलाच करावयाची. लाटेकडे पाठ करून तेथें छायाचित्रें काढीत कोणी उभें राहूं नये. बागमांडल्याहून खाडी ओलांडली कीं रत्नागिरी जिल्ह्यांतलें वेळास लागतें. या ऋतूंत तेथें कांसवांचीं पिल्लें पहांटे समुद्रास लागतांना दिसतात.

शेवटचें सांगणें असें कीं या तिहींपैकीं एकच निवडावें. सात दिवसांत तिन्ही ठिकाणें उरकणारे लोक मला दर वर्षीं भेटतात. त्यांना रस्ते आठवतात, समुद्र आठवत नाहीं. एकाच वाडींत सात दिवस राहिलें म्हणजे ओहोटी रोज पाऊण तासानें पुढें सरकलेली मुलांना स्वतःच्या डोळ्यांनीं दिसते. तिसऱ्या दिवशीं तीं आपण होऊन विचारतात, "आज पाणी केव्हां उतरणार?" तेव्हां त्यांना उत्तर सांगूं नका. पंचांग हातीं द्या आणि पाऊणपट करावयास लावा. माझ्या बावीस मुलांना हें मीं त्या सहलीच्या आदल्या दिवशीं शिकविलें असतें, तर त्यांच्यापैकीं एखाद्यानें साडेनवालाच माझा सदरा ओढून म्हटलें असतें, "गुरुजी, निघूंया."