चोच भोसकायची की झोडपायची?

मर्लिन या लांब चोचीच्या मोठ्या माशाचा डोळा गरम ठेवणाऱ्या स्नायूबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढे ढकलतोय, कारण चिपळूणच्या एका वाचकबाईंनी पत्रातून असा प्रश्न टाकलाय की तो सोडवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या विचारतात, मर्लिन चोचीने मासा भोसकतो असं धरलं, तर भोसकलेला मासा तो तोंडात घेतो कसा? चोच तोंडाच्या पुढे हातभर, आणि त्याला हात तर नाहीत. टोकाला अडकलेली सुरमई काय नुसती मिरवत हिंडायची?

प्रश्न फक्कड आहे. बाईंना कल्पना नसेल, पण नेमका असाच प्रश्न 1868 साली लंडनच्या कोर्टात निघाला होता आणि त्यावर पैशांची गणितं अडली होती.

झालं होतं असं. ‘ड्रेडनॉट’ नावाचं व्यापारी जहाज मार्च 1864 मध्ये कोलंबोहून लंडनला निघालं. जहाज धडधाकट, 3,000 पौंडांचा विमा उतरवलेला. तीन दिवसांनी खलाशांच्या गळाला एक चोचवाला मासा लागला. त्याने दोरी तोडली आणि जाता जाता पाण्याबाहेर अर्धा उसळून दर्शनही दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला कप्तानाला उठवलं ते जहाजात पाणी शिरतंय हे सांगायला. जहाज माघारी कोलंबोला आणलं, तिथून आपल्या कोचीनला नेलं आणि एका अंगावर कलतं करून पाहिलं. तळाशी एक इंच व्यासाचं गोल भोक होतं, तांब्याचा पत्रा आणि लाकडी फळी दोन्ही आरपार.

मालक म्हणाले, माशाने फोडलं, सहाएकशे पौंड द्या. विमावाले म्हणाले, मासा असता तर चोच लाकडात अडकून राहिली असती, ती कुठाय? मग साक्षीला बोलावले ते कोण, तर रिचर्ड ओवेन, म्हणजे डायनोसॉर हे नाव ज्यांनी दिलं ते, आणि फ्रँक बकलंड, माशांच्या बाबतीत त्या काळचं इंग्लंडातलं मोठं नाव. ओवेनसाहेबांनी सांगितलं की या माशाच्या धडकेत दोन्ही हातांनी हाणायच्या पंधरा घणांचा जोर असतो. जोर सगळ्यांनाच पटला. घोडं अडलं ते रुतलेली चोच माशाला परत उपसून काढता येते का, यावर. ज्यूरी मोठी हुशार निघाली. माशाचं नाव न घेता तिने एवढंच ठरवलं की जहाजाला पाण्याखेरीज दुसऱ्या कसला तरी दणका बसला. विमावाल्यांना पैसे मोजावे लागले.

या खटल्याची हकिगत जिथे जिथे छापली जाते तिथे आरोपी म्हणून खऱ्या तलवारमाशाचं, म्हणजे स्वोर्डफिशचं नाव असतं. मला ते पटत नाही. स्वोर्डफिशची तलवार चपटी, दोन्ही कडांना धार असलेली. ती घुसली तर चीर पडेल. भोक गोल होतं, आणि गोल चोच असते मर्लिनची नाहीतर त्याच्याच जातकुळीतल्या सेलफिशची. तो माल श्रीलंकेच्या दक्षिणेला भरपूर. दीडशे वर्षांनी दाभोळात बसून लंडनच्या खटल्यात उलटतपासणी घेण्यात अर्थ नाही हे मला कळतं, पण माझा कौल मर्लिनला.

त्याहून जुनी आणि जास्त बोलकी गोष्ट ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेची. 1725 साली ती गिनीच्या किनाऱ्यावरून परतली आणि तळ साफ करताना सुतारांना लाकडात मोडलेली चोच सापडली. बाहेरचं एक इंचाचं आवरण, आतली तीन इंची फळी आणि त्याच्या आतल्या लाकडात आणखी साडेचार इंच. सुतारांचं म्हणणं पडलं की त्याच जाडीचा लोखंडी खिळा तेवढा आत घालायला 25 पौंडी घणाचे आठ-नऊ घाव लागतील.

हा हिशेब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला. 150 किलोचा मासा सेकंदाला 8 मीटर वेगाने आला तर त्याच्या अंगात 4,800 ज्यूल ऊर्जा. 11 किलोचा घण गड्याने सेकंदाला 9 मीटरने हाणला तर 450 च्या आसपास. म्हणजे साडेदहा घाव. शिकली-सवरलेली माणसं पंधरा म्हणाली, सुतार आठ-नऊ. सुतारांचा अंदाज जवळचा.

8 मीटरच का घेतले, असं नेहमीचे वाचक लगेच विचारतील, कारण सेलफिश ताशी 110 किलोमीटरने पळतो हे सगळ्या पुस्तकांत असतं. ते सोडून द्या. तो आकडा फ्लोरिडातल्या गळवाल्यांच्या एका तळावर रिळावरून सुटणाऱ्या दोरीवरून काढलेला. 2015 आणि 2016 मध्ये संशोधकांनी अंगाला उपकरणं लावून, वेगवान कॅमेऱ्याने आणि स्नायू किती झपाट्याने आखडतो ते मोजून पाहिलं, तर जोरात जोर सेकंदाला 8 मीटरच्या थोडं वर, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. आमच्या दाभोळच्या चढावर रिक्षा जाते तेवढा. पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. फळी फोडते ती चोच नव्हे, चोचीमागचं दीडशे किलो धूड. त्यात जहाजही समोरून चालत येत असलं तर त्याचा वेग वरती. जहाजाखाली सावलीला छोटे मासे जमतात, त्यांच्या मागे मर्लिन सुसाट येतो आणि धडकतो. गजर नावाच्या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने अशा सगळ्या धडकांचा शंभर पानी जाडजूड आढावा घेतला. तो 1940 साली छापला कुणी, तर कलकत्त्याच्या रॉयल एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलने. त्याच्या शीर्षकातच त्याने या माशांच्या भांडखोरपणाला ‘कथित’ म्हणून ठेवलंय.

तर चोच जहाजासाठी नाही. मग कशासाठी?

खुद्द मर्लिन आमच्या बाजूला कमी दिसतो. तो खोल पाण्याचा, आणि आपल्याकडे उथळ समुद्राचा पट्टा लांबवर पसरलेला. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाच्या मुंबईच्या लाँगलाइन बोटींना तो बाहेर मिळतो. सेलफिश मात्र सुरमई-कुप्याच्या जाळ्यात अधूनमधून येतो आणि हर्णैच्या लिलावाला वाळूवर आडवा पडलेला दिसतो. निळी झळाळी तोवर उतरून पाटीच्या दगडाचा रंग आलेला असतो. बहुतेक वेळा चोच बोटीवरच मोडलेली असते, कारण ती जाळं फाडते आणि खलाशाची पोटरीही. अशाच एकाचं पोट मी फाडून मागितलं. तांडेल म्हणाला, “मास्तर, पोटात काय सोनं हाय?” कोयता चालवला तर आत बांगडे आणि दोन माकुलं. बांगडे सगळे एका दिशेने लागलेले, डोकी आत आणि शेपट्या माशाच्या तोंडाकडे. म्हणजे डोक्याकडून अख्खे गिळलेले. भोक एकालाही नाही. दोघांच्या मात्र एका कुशीची खवलं साफ निघालेली आणि खाली मांस काळंनिळं.

त्या कुशीत बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चोच भोसकायला नाही, झोडपायला आहे.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाही. 2014 साली छापलेल्या अभ्यासासाठी पाओलो डोमेनिची आणि त्यांच्या सोबत्यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, कानकूनजवळच्या समुद्रात, तारल्यांच्या थव्यांवर तुटून पडणाऱ्या सेलफिशचं वेगवान चित्रण केलं. मासा मागून सावकाश येतो. पाठीचं शीड उभारतो, त्याने डोकं हलत नाही. मग चोच थव्यात घालतो, आणि गंमत म्हणजे तारल्या बिथरत नाहीत. एवढा राक्षस आला तर पळतील, पण पुढे घुसलेली बारीक काठी त्यांना जाणवत नसावी. तिथून दोन प्रकार. एक, मान झटकून आडवा सपकारा, त्यात एकदम तीन-चार तारल्या लागतात. दुसरा, एकाच तारलीला हलकेच टोला देऊन तिचा तोल घालवायचा आणि तोंडात घ्यायची. सपकाऱ्यात डोकं थोडंसंच वळतं, पण विटीदांडूत मनगट जरासं फिरलं की दांडूचं टोक जसं सुसाटतं, तसं चोचीचं टोक. पाण्यातल्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मोजलेल्या सर्वांत तीव्र प्रवेगांत त्याची गणना झाली. तारली कितीही चपळ असली तरी त्या टोकापुढे तिचं काही चालत नाही.

तरीही दर वेळी मासा मिळतो असं नाही. 2016 च्या अभ्यासात चार हल्ल्यांतला जेमतेम एक फळाला आला, पण जवळजवळ प्रत्येक हल्ल्यात काही तारल्या जखमी झाल्या. सेलफिश टोळीने असतात आणि पाळीपाळीने हल्ला करतात. एकाने जखमी केलेली तारली दुसऱ्याला मिळते, दुसऱ्याने केलेली तिसऱ्याला. कुणी कुणावर उपकार करत नाही, फक्त एकाच वेळी घुसून एकमेकांच्या चोची खायच्या नाहीत एवढं पाळतात. पट्टेरी मर्लिनचं 2024 मध्ये कळलेलं तर याहून मजेदार. हल्ल्याला निघणाऱ्याचे अंगावरचे पट्टे एकाएकी उजळतात, हल्ला संपला की मावळतात. बाकीच्यांना बहुधा त्यावरून कळतं की आता पाळी याची.

आता माझ्या आवडीची बाब. सेलफिशमध्ये डावरे-उजवे असतात. 2017 मध्ये राल्फ कुर्व्हर्स आणि मंडळींनी दाखवलं की बरेच मासे एकाच बाजूने सपकारा मारणं पसंत करतात आणि ज्यांची सवय पक्की त्यांना यश जास्त. अख्ख्या टोळीत दोन्ही प्रकार असल्याने तारल्यांना मात्र अंदाज येत नाही. हे वाचल्यापासून हर्णैला शाबूत चोच दिसली की मी तिच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहतो. चोचीवर खसखशीएवढे दात दाटीने असतात. टोकाकडून मुळाकडे बोट नेलं तर एका बाजूला कातडी सोलेल इतकं खरखरीत लागतं, आणि कधी कधी दुसरी बाजू गुळगुळीत झिजलेली. लिलाववाले हसतात. हसू देत.

मर्लिनबद्दल थोडं सावध राहायला हवं. सेलफिशची चोच त्याच्या मानाने बारीक आणि हलकी, मर्लिनची आखूड आणि दणकट. काळ्या मर्लिनची तर सोटाच. मोठ्या मर्लिनच्या पोटात आरपार भोकं पडलेले कुपेही मिळालेत. म्हणजे मोठं सावज असलं तर तो भोसकतही असेल. पण तेव्हासुद्धा तो सावज चोचीवरून झटकून टाकतो आणि मग डोक्याकडून गिळतो. बाई, मिरवत हिंडत नाही तो.

पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेल्या हेमिंग्वेच्या ‘एका कोळियाने’मधला मर्लिन गळाच्या तारेवर चोच आपटत राहतो, ते वर्णन मला म्हणूनच खरं वाटतं. होडीला तो भोसकत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नये. 2022 च्या सुरुवातीला आंध्रात विशाखापट्टणमच्या बाजूला गळाला लागलेला मोठा मर्लिन ओढून घेताना एका मच्छीमाराचा त्याच्या चोचीने जीव गेला. छोटी होडी, दोरी हातात, शंभरावर किलोचं जनावर उसळलेलं, तिथे हेतू विचारायला वेळ नसतो. आपल्याकडच्या गळवाल्या पोरांनी अशा वेळी दोरी कापायला कोयता हाताशी ठेवावा.

मोडलेल्या चोचीचं काय, हे बाईंनी विचारलेलं नाही, पण सांगून टाकतो. चोच मोडलेले मर्लिन चांगले गुबगुबीत, पोट भरलेले सापडतात. चोचीशिवाय अडत नाही, चोचीने सोपं होतं, एवढंच. आणि ही चोच रोज झोडपून तडकत कशी नाही? माणसाच्या हाडात जिवंत पेशी बसलेल्या असतात, कुठे बारीक तडा गेला की त्या डागडुजीला सांगावा धाडतात. मर्लिनच्या हाडात त्या पेशी नाहीतच. तरी हाड झिजतं तसं भरून येतं, हे 2014 साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. सांगावा कोण धाडतं, हे हाडांचे डॉक्टरसुद्धा उत्सुकतेने शोधताहेत.

पुढच्या आठवड्यात डोळा घेईन म्हणतो. मात्र गुहागरहून करवत माशाबद्दल एक पत्र आलंय. त्याला मर्लिनचा भाऊ म्हटलंय. तो मर्लिनचा कुणीही नाही, वाघळीच्या कुळातला आहे, आणि ते नीट सांगायला एक अख्खा लेखांक लागेल.