एमआरआयची थंडी आणि लेझरच्या जाळीतले अणू

बहुतेक एमआरआय यंत्रांचे चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. तेव्हाच त्याच्या तारेतला विद्युतरोध नाहीसा होतो. हेलियम महाग, आणि आम्हा सरकारी रुग्णालयांना तो खर्च जड. १९८६ पासून तांब्याच्या ऑक्साइडचे अतिवाहक सापडत गेले. त्यांना एवढी थंडी लागत नाही. का लागत नाही, हे अजून पुरते उलगडलेले नाही.

घोडे अडते गणितात. प्रत्येकी दोनच अवस्था असलेल्या ५० कणांचे वर्णन करायला अकराशे लाख कोटींहून जास्त आकडे लागतात. आणखी एक कण आला की दुप्पट! निसर्ग क्वांटम आहे, तर त्याची नक्कलही क्वांटम वस्तूंनीच करावी, असे रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये सुचवले. क्वांटम सिम्युलेटर तो हाच. लेझर किरणांच्या जाळीत अतिथंड अणू इलेक्ट्रॉनांच्या जागी बसवायचे आणि गणित न मांडता सरळ मोजायचे. आम्ही औषध आधी उंदरावर पाहतो, तसेच काहीसे; उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे, हेही तितकेच खरे. यातून उद्याच नवी औषधे निघतील, या जाहिरातबाजीवर माझा विश्वास नाही. पण २०१७ साली हार्वर्डमध्ये लिथियमचे अणू एकाआड एक उलट चुंबकत्व घेऊन रांगेत उभे राहिलेले दिसले. तांब्याच्या त्या ऑक्साइडांत अतिवाहकता नेमकी याच अवस्थेच्या शेजारी सापडते.