विश्लेषण : बंद दाराआडच्या वाटाघाटी पत्रकारांना कळतात कशा? सरकारी प्रवक्त्यांवर किती विसंबावे?

युरोपीय संघाचे कायदे असोत की दोन देशांच्या प्रमुखांमधील चर्चा, आंतरराष्ट्रीय धोरणे ठरतात ती बहुतेकदा बंद दाराआड. आत काय घडले, हे बाहेर येते ते त्या त्या सरकारच्या प्रवक्त्यांमार्फत. प्रवक्त्याचे काम आपल्या सरकारची बाजू मांडणे, तर पत्रकाराचे काम घडले ते सांगणे. मग या दोघांचे जुळते कुठे, बिनसते कुठे आणि अशी बातमी वाचकाने कशी वाचावी?

मार्च २०२३ मध्ये ब्रसेल्समध्ये काय घडले?

युरोपीय संघात २०३५ पासून कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या नव्या मोटारींची विक्री थांबवणारा कायदा तयार होता. सदस्य देश आणि युरोपीय संसद यांच्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये समझोता झाला होता. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी संसदेने तो मंजूरही केला. उरली होती ती सदस्य देशांची औपचारिक संमती. हा टप्पा सहसा बातमीतही येत नाही. मात्र मार्चच्या सुरुवातीला सदस्य देशांच्या राजदूतांच्या बैठकीतील मतदान पुढे ढकलण्यात आले. संघाचे फिरते अध्यक्षपद तेव्हा स्वीडनकडे होते आणि मतदान लांबल्याला दुजोरा मिळाला तो स्वीडनच्या प्रवक्त्याकडून. अडले कुठे, हे समजून घेण्यासाठी पत्रकारांना बर्लिनकडे पाहावे लागले.

जर्मनीचे प्रवक्ते वेगवेगळे का बोलत होते?

जर्मनीत तेव्हा तीन पक्षांचे आघाडी सरकार होते. ‘एफडीपी’ पक्षाचे वाहतूकमंत्री फोल्कर विसिंग यांना कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या मोटारींसाठी सवलत हवी होती. ग्रीन पक्षाच्या पर्यावरणमंत्री श्टेफी लेम्के कायद्याच्या बाजूने होत्या. त्यामुळे एकाच सरकारच्या दोन मंत्रालयांतून दोन सूर उमटत होते. केवळ एका मंत्रालयाला फोन करून ‘जर्मनीची भूमिका’ लिहिली असती, तर ती अर्धीच ठरली असती. पत्रकाराने पहिला धडा घ्यायचा तो हाच. प्रवक्ता संपूर्ण देशाचा नसतो. तो एका मंत्र्याचा, एका खात्याचा असतो. अखेर २५ मार्चला जर्मनी आणि युरोपीय आयोग यांच्यात तोडगा निघाला आणि २८ मार्चला कायदा मंजूर झाला. पोलंडने विरोधात मत दिले. इटली, बल्गेरिया आणि रोमानिया तटस्थ राहिले.

काही देश कायदा अडवू शकतात कसे?

अशा कायद्यांसाठी २७ पैकी किमान १५ देशांचा पाठिंबा लागतो आणि त्या देशांत संघाच्या किमान ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. उलट, ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येचे किमान चार देश एकत्र आले, तर कायदा रोखता येतो. सर्वाधिक लोकसंख्येचा जर्मनी इटली, पोलंड आणि बल्गेरियाच्या गटात गेला की हा आकडा सहज ओलांडला जातो. हे गणित माहीत असलेला पत्रकार प्रवक्त्याला नेमका प्रश्न विचारू शकतो. ‘तुमचा देश नाराज आहे का?’ या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर मिळते. ‘तुमचा देश विरोधात मत देणार की तटस्थ राहणार?’ या प्रश्नाला हुलकावणी देणे कठीण जाते. या मतदानात तटस्थ राहण्याचा परिणाम विरोधाइतकाच असतो, कारण ते मत पाठिंब्यात मोजले जात नाही.

कोणत्या प्रवक्त्याकडून काय मिळते?

युरोपीय आयोगाचे प्रवक्ते कामाच्या दिवशी दुपारी १२ वाजता पत्रकारांसमोर येतात. ही ‘मिडडे ब्रीफिंग’ थेट प्रक्षेपित होते. येथे अधिकृत भूमिका मिळते, पण बहुतांश उत्तरे आधीच तयार केलेली असतात. मंत्र्यांच्या परिषदेचे सचिवालय बैठकीपूर्वी कार्यक्रमपत्रिका समजावून सांगते. कोणता विषय चर्चेविना मंजूर होणार आणि कशावर वाद होणार, हे तेथे कळते. अध्यक्ष देशाच्या प्रवक्त्याला वेळापत्रक ठाऊक असते. याशिवाय प्रत्येक सदस्य देशाचे ब्रसेल्समध्ये कायमस्वरूपी प्रतिनिधी कार्यालय असते आणि त्याचे स्वतःचे प्रवक्ते असतात. ते प्रामुख्याने आपल्या देशातील पत्रकारांशी बोलतात. शिखर बैठक संपली की प्रत्येक नेता स्वतंत्र पत्रकार परिषद घेतो आणि विजय आपलाच झाल्याचे सांगतो. शेजारच्या देशाच्या प्रवक्त्याला विचारले, की कोणी कुठे माघार घेतली ते समजू लागते.

‘ऑन द रेकॉर्ड’ आणि ‘बॅकग्राउंड’ म्हणजे काय?

‘ऑन द रेकॉर्ड’ म्हणजे नावासह छापता येणारे विधान. ‘बॅकग्राउंड’ म्हणजे माहिती वापरता येते, पण नावाऐवजी ‘एका राजनैतिक अधिकाऱ्याने सांगितले’ असे लिहावे लागते. ‘ऑफ द रेकॉर्ड’ माहिती सहसा छापायची नसते. ती दुसरीकडून पडताळण्यासाठी उपयोगी पडते. या संज्ञांचे अर्थ देशागणिक थोडे बदलतात. त्यामुळे नियम संभाषण सुरू होण्यापूर्वी ठरवावे लागतात, बोलून झाल्यावर नव्हे. नाव न छापण्याची सवलत दिली, तरी तो अधिकारी कोणत्या बाजूचा आहे, हे वाचकाला सांगता येईल असा प्रयत्न पत्रकाराने करायला हवा. ‘सूत्रांनी सांगितले’ एवढ्यावर वाचकाला काहीच तपासता येत नाही.

धोका कुठे आहे?

प्रवक्ता सहसा धडधडीत खोटे बोलत नाही, कारण एकदा पकडला गेला तर त्याचा शब्द संपतो. पण तो सगळे सांगतही नाही. लोकप्रिय निर्णय ‘आम्ही मिळवला’ आणि नकोसा निर्णय ‘ब्रसेल्सने लादला’ असे सांगण्याची सवय अनेक सरकारांना असते. त्याच निर्णयाच्या बाजूने त्यांच्या मंत्र्याने मत दिले असेल, तर ते परिषदेच्या नोंदींत सापडते, कारण कायद्यांवरील मतदानाचा देशनिहाय तपशील प्रसिद्ध होतो. प्रवक्त्याचे म्हणणे या नोंदींशी ताडून पाहिले नाही, तर पत्रकार सरकारचा टपालवाला ठरतो. दुसरा धोका ओळखीचा. रोज फोन उचलणाऱ्या अधिकाऱ्याला दुखवायला नको, म्हणून अवघड प्रश्न टाळले जातात.

भारतातही हेच घडते का?

हो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितले, की रशियाकडून तेल घेणे थांबवण्याचे आश्वासन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिले आहे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते रणधीर जयस्वाल यांच्या निवेदनात भर होता तो भारतीय ग्राहकांच्या हितावर आणि तेलाचे स्रोत वाढवण्यावर. साप्ताहिक वार्तालापात फोनबाबत थेट प्रश्न आला. त्यावर, आदल्या दिवशी दोन्ही नेत्यांत संभाषण झाल्याचे आपल्याला माहीत नाही, असे त्यांनी सांगितले. हा खुलासा एका दिवसापुरता आणि संभाषणापुरता होता. तेलखरेदी कमी होणार की नाही, याचे उत्तर त्यात नव्हते. प्रवक्त्याने नेमके कशाचे खंडन केले आणि कशाला हात लावला नाही, हे वेगळे काढणे म्हणजेच अशा वार्तांकनाचे खरे काम.

महाराष्ट्राला याचे काय?

२०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. बागायतदार ते ‘लिहोसिन’ या नावाने ओळखतात. कंटेनर अडकले आणि नाशिक पट्ट्यातील निर्यातदार व बागायतदारांना मोठा फटका बसला. रसायनांच्या अंशांची कमाल मर्यादा ब्रसेल्समध्ये आयोगाच्या प्रस्तावावर आणि सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समितीतील मतदानानंतर ठरते. बदल करण्यापूर्वी जागतिक व्यापार संघटनेला कळवून इतर देशांची मतेही मागवली जातात. म्हणजे नियम लागू होण्याआधी प्रश्न विचारायला वेळ असतो. प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे आणि मतदान कधी आहे, हे आयोगाचे प्रवक्ते सांगू शकतात. भारताने हरकत नोंदवली का, हे दिल्लीत वाणिज्य मंत्रालयाला विचारता येते. ही दोन उत्तरे छाटणीपूर्वी छापून आली, तर कोणते औषध फवारायचे, हे बागायतदाराला वेळेत ठरवता येते. कंटेनर परत आल्यावर छापलेल्या बातमीचा त्याला काहीच उपयोग नसतो.